बॅड पेपर : शेजाऱ्याच्या डिस्चार्जची फाईल

अमेरिकन फौजेतून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे डिस्चार्ज मिळालेल्या, प्रत्येकाच्या हातात एक कागद देतात, डीडी २१४. त्यातला २४ नंबरचा रकाना म्हणजे कॅरेक्टर ऑफ सर्व्हिस, नोकरी कशी केली त्याचा शेरा, आणि खरं सांगायचं तर पुढचं जवळजवळ सगळं त्या एका रकान्यावर चालतं. तिथे ऑनरेबल असेल तर कॉलेजचा खर्च, घराचं लोन, व्हीएचा (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचा) दवाखाना, सरकारी नोकरीत प्राधान्य, सगळं मिळतं. जनरल अंडर ऑनरेबल कंडिशन्स असेल तर बरंच मिळतं पण जीआय बिलातून, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणाऱ्या कायद्यातून, शिकायचे पैसे जातात. आणि अदर दॅन ऑनरेबल, ज्याला सगळे ओटीएच म्हणतात, तो आला की दारं धडाधड बंद होतात. त्याच्याही खाली बॅड कंडक्ट आणि डिसऑनरेबल आहेत, पण ते कोर्ट मार्शल झाल्याशिवाय देताच येत नाहीत. ओटीएचला कोर्ट लागत नाही, जज्ज लागत नाही, तो ऑफिसातल्या कारवाईवर देता येतो, आणि म्हणूनच मला तो सगळ्यात जास्त खटकतो. ओटीएच आणि त्याखालच्या या सगळ्या कागदांना मिळून फौजी लोक बॅड पेपर म्हणतात.

इथे अमेरिकेत आमच्या शेजारी राहणाऱ्या एकाकडे असा ओटीएच होता. त्याचं नाव लिहीत नाही, पण त्याला विचारून लिहितेय, तो म्हणाला लिही, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. २००५ ला एकोणीस वर्षांचा असताना भरती झाला, २००७-०८ मध्ये इराक, तेव्हा अमेरिकन आर्मीने एका फेरीची मुदत १२ वरून १५ महिने केली होती त्यातली ती फेरी. काम काय तर सामानाच्या ट्रकांबरोबर जाणाऱ्या गाडीवर मशीनगन धरून उभं राहायचं. रस्त्यात पुरलेले बॉम्ब त्याच्या गाडीजवळ एकापेक्षा जास्त वेळा फुटले. परत आला, झोप उडाली, दारू वाढली, मग गांजा, मग युरीन टेस्टमध्ये सापडला, मग काही दिवस न सांगता गायब झाला, आणि २००९ मध्ये घरी, हातात ओटीएच.

इथे एक गोष्ट मुद्दाम थांबून सांगते. ओटीएच द्यायचा विचार असेल तर शिपायाला बोर्डासमोर आपली बाजू मांडायचा हक्क असतो, फुकट लष्करी वकीलसुद्धा मिळतो. याने तो हक्क सोडला. का सोडला, तर एका वरिष्ठाने सांगितलं सही कर, आठवड्याभरात घरी जाशील, आणि सहा महिन्यांनी हा कागद आपोआप अपग्रेड होतो. हे साफ खोटं आहे. असा कुठलाही नियम नाही, कधीच नव्हता. पण ही थाप इतकी जुनी आणि इतकी पसरलेली आहे की व्हिएतनामवाल्यांनाही हीच सांगितली गेली होती आणि आजही तरुण पोरं हीच सांगतात. आपोआप काहीही होत नाही हो, अर्ज करावा लागतो, आणि अर्जाला मुदत आहे. डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे जायचं तर डिस्चार्जच्या तारखेपासून १५ वर्षं, फॉर्म डीडी २९३. ती गेली तर रेकॉर्ड दुरुस्ती बोर्ड, फॉर्म डीडी १४९, तिथे चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षं, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर बोर्ड ती मुदत माफ करू शकतं.

त्याची १५ वर्षं २०२४ च्या वसंतात संपणार होती. २०२३ च्या थँक्सगिव्हिंगला त्याची आई आमच्याकडे पाय नावाचा गोड पदार्थ वगैरे घेऊन आली होती आणि बोलता बोलता तिने हे सांगितलं, की पोरगा गुडघ्याने लंगडतो, रात्री ओरडतो, पण व्हीएत पाय ठेवत नाही, कारण एकदा गेला होता तेव्हा काउंटरवर कागद बघून परत पाठवलं. मी हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्समध्ये काम करते, वकील नाही काही नाही, पण फाईल लावता येते मला. नवरा म्हणाला तू बघ तरी काय आहे ते. तर असं ते सुरू झालं. वकिली बाजू बघायला माजी सैनिकांच्या एका संघटनेचा मान्यताप्राप्त प्रतिनिधी मिळाला, त्याचे पैसे पडत नाहीत हे पण खूप जणांना माहीत नसतं. कागदांचं काम आम्ही त्याच्या आईच्या किचन टेबलावर केलं.

पहिली अडचण म्हणजे तो स्वतः. त्याला वाटायचं फाईल परत उघडली तर आणखी खालचा डिस्चार्ज देतील. तसं करता येत नाही, रिव्ह्यू बोर्ड आहे तसं ठेवतं किंवा वर नेतं, खाली नेऊ शकत नाही. हे प्रतिनिधीने दोनदा समजावल्यावर तो थोडा सैल झाला. मग त्याने स्वतःचं निवेदन लिहिलं, पानभर, आणि त्या पानात सगळीकडे मी वाईट सोल्जर होतो, मी माझ्या लोकांना दगा दिला, एवढंच. इराकबद्दल एक ओळ. मला वाचवेना. मी सातारकडची, आमच्या घरात आजोबांपासून पलटणीतली माणसं, पेन्शनीवर आलेली माणसं ओसरीवर काय बोलतात आणि काय बोलत नाहीत ते लहानपणापासून बघितलेलं. त्याला म्हटलं तू काय वाईट केलंस ते त्यांच्या फाईलमध्ये आहेच, ते परत कशाला लिहितोस, फाईलमध्ये जे नाही ते लिही.

रेकॉर्ड मागवायला फॉर्म एसएफ १८०, तो सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे जातो. (जुन्या लोकांचं तर इथेच घोडं अडतं, १९७३ च्या जुलैमध्ये तिथे मोठी आग लागली होती आणि दीड कोटीपेक्षा जास्त फायली जळाल्या, १९६० च्या आधी आर्मीतून सुटलेल्यांपैकी बहुतेकांचं रेकॉर्डच उरलं नाही.) याचं आलं, जाडजूड पाकीट. आणि त्यात मला एक कागद सापडला ज्याच्यावर पुढची सगळी केस उभी राहिली.

परदेशातून परत आलेल्या प्रत्येक शिपायाकडून एक आरोग्य तपासणीचा फॉर्म भरून घेतात, डीडी २७९६. भयानक स्वप्नं पडतात का, सारखं दचकायला होतं का, स्फोटाच्या जवळ होतात का, असे प्रश्न, हो-नाहीच्या गोल खुणा. याने २००८ साली भरलेल्या फॉर्मवर हो, हो, हो. स्फोटाला हो, स्वप्नांना हो, आणि पेनने गोल इतका दाबून काळा केलेला की झेरॉक्सवरही दिसत होता. तपासणाऱ्याच्या शेऱ्याची जागा जवळजवळ कोरी, पुढे कुठे पाठवलं का त्याची नोंद नाही. आणि युरीन टेस्टचा रिपोर्ट त्यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे पोराने लिहून सांगितलं होतं की मला काहीतरी होतंय, कागदावर, तारखेसह, सरकारच्याच फॉर्मवर. नंतर त्याच सरकारने त्याला गैरवर्तनासाठी काढलं. मी तो फॉर्म आणि तो रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, त्याची आई बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली हे कोणीच वाचलं नाही का गं.

हे फक्त याचंच झालंय असं नाही. २०१७ मध्ये जीएओने, म्हणजे अमेरिकन संसदेच्या तपासणी संस्थेने, रिपोर्ट काढला होता. २०११ ते २०१५ या आर्थिक वर्षांत गैरवर्तनावरून काढलेले ९१,७६४ जण, त्यातल्या ६२ टक्क्यांना काढण्याच्या आधीच्या दोन वर्षांत पीटीएसडी (युद्धासारख्या मोठ्या धक्क्यानंतर होणारा मानसिक आजार), मेंदूची इजा किंवा तसल्याच काही आजारांचं निदान झालेलं होतं. निदान झालेलं होतं, नुसता संशय नाही! आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त लोकांना ओटीएच मिळाला. हा आकडा वाचल्यावर मला दोन दिवस काही सुचेना.

व्हिएतनामवाल्यांचं तर याहून वाईट, कारण पीटीएसडी हे निदानच अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या पुस्तकात १९८० मध्ये आलं. त्याआधी घरी पाठवलेल्या माणसाने कुठला आजार सिद्ध करायचा? कनेटिकटचे कॉन्ली मंक हे व्हिएतनामला गेलेले मरीन, त्यांनी आणि इतरांनी येल लॉ स्कूलच्या कायदा-मदत क्लिनिकच्या मदतीने २०१४ मध्ये केस केली, आणि त्याच वर्षी ३ सप्टेंबरला संरक्षणमंत्री चक हेगल यांनी मेमो काढला की अशा अर्जांकडे बोर्डांनी उदारपणे बघावं. दुसऱ्या वर्षी मंक यांचा डिस्चार्ज अपग्रेड झाला, चाळीसहून जास्त वर्षांनी. पुढे २५ ऑगस्ट २०१७ चा, संरक्षण खात्यातल्या कुर्टा यांच्या सहीचा, कुर्टा मेमो आला, आणि आज ज्याला अर्ज करायचाय त्याने बाकी काही नाही वाचलं तरी तो वाचावा असं माझं ठाम मत आहे.

त्यात चार प्रश्न आहेत. तुला असा काही आजार किंवा अनुभव होता का ज्याने तुझं वागणं समजून घेता येईल. तो सर्व्हिसमध्ये असतानाचा आहे का. त्याने ते वागणं खरंच माफ होतं का किंवा त्याची तीव्रता कमी होते का. आणि शेवटी, तो डिस्चार्जच्या कारणापेक्षा जड भरतो का. बोर्ड याच क्रमाने बघतं, म्हणून अर्जही याच क्रमाने लावायचा. आम्ही तसाच लावला, चार फोल्डर केले, प्रत्येक कागद कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते वर पेन्सिलीने. पहिल्याला मानसशास्त्रज्ञाचं पत्र, दुसऱ्याला तो डीडी २७९६, तिसऱ्याला पत्रातलाच परिच्छेद की गांजा हा झोपेसाठी स्वतःच स्वतःला दिलेला उपचार होता. मेमोत हेही आहे की फौजेच्या बाहेरचे पुरावे चालतात, घरच्यांची, मित्रांची पत्रं चालतात, एवढंच काय तर माणसाचं स्वतःचं म्हणणंसुद्धा पुरावा धरता येतं. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, कारण फौजेत असताना डोकं बिघडलंय म्हणून डॉक्टरकडे कोण जातं? आपल्याकडे जातं का?

त्याच्या आईचं पत्र मी कधी विसरणार नाही. सुरुवातीला तिने लिहिलं की माझा मुलगा फार चांगला आहे, हळवा आहे. प्रतिनिधी म्हणाला असं नको, जे डोळ्यांनी बघितलं ते लिहा. मग तिने लिहिलं की २००८ च्या सुट्टीत आला तेव्हा गाडी चालवताना रस्त्याच्या कडेला कचऱ्याची काळी पिशवी दिसली की लेन सोडून मधोमध जायचा, समोरून गाडी येत असली तरी. बाथरूमच्या फरशीवर झोपायचा कारण तिथे खिडकी नव्हती. चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनी, फटाके सुरू झाले तेव्हा कुत्र्याला घेऊन तळघरात जाऊन बसला. जाण्याआधीच्या वर्षी हाच पोरगा गल्लीतल्या मुलांना फटाके आणून द्यायचा. एका पानात संपलं पत्र, एकही विशेषण नाही.

मधेच एका रविवारी गावाकडे फोन लावला होता तेव्हा आप्पांना सांगितलं, आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतले, सुभेदार म्हणून रिटायर झाले. त्यांना लगेच कळलं. म्हणाले, अगं आपल्याकडं पण हायच की, चार रेड एन्ट्र्या, शिक्षेच्या लाल नोंदी, पडल्या की पोरगं घरी, पंधरा वर्षं भरायला दोन वर्षं राहिली असली तरी पेन्शन गेली. ते खरंय, पण तिथेही सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे यांच्या केसमध्ये सांगितलंय की नुसत्या चार रेड एन्ट्र्या मोजून काढता येणार नाही, आधी चौकशी करा, माणसाने किती वर्षं आणि कसल्या कठीण जागी नोकरी केली, पेन्शनच्या किती जवळ आलाय ते बघा. आणि आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचं, म्हणजे फौजींच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचं, बेंच मुंबईत आहे, दिल्लीला खेटे मारायची गरज नाही. हे मी आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले आपल्या गावातल्या निम्म्या लोकांना हे म्हाईत नाही, लिहून पाठव, चावडीवर लावतो. लिहून पाठवलं.

अर्ज मुदतीत गेला. हिअरिंग मागितलं, ते पुढच्या वर्षी व्हिडिओवर झालं. बोर्डावर पाच जण, बहुमताने ठरतं, आणि लढाईवर जाऊन पीटीएसडी झाल्याचा दावा असेल तर मानसोपचाराचा जाणकार बोर्डावर असावा लागतो हा कायदाच आहे. मी आत नव्हते, बाहेरच्या खोलीत त्याच्या आईबरोबर. नंतर तो म्हणाला की एका बाईंनी त्याला त्या २००८ च्या फॉर्मबद्दलच विचारलं, हे भरल्यावर तुम्हाला कोणी बोलावलं का. तो म्हणाला नाही. त्या म्हणाल्या थँक्यू. बस्स.

निकाल पोस्टाने आला. ओटीएचचा जनरल अंडर ऑनरेबल कंडिशन्स झाला. ऑनरेबल नाही.

तो खूश आहे, आई तर रडलीच. व्हीएचं कार्ड आलं, गुडघ्याचा एमआरआय झाला, मेंटल हेल्थला दर दोन आठवड्यांनी जातो, डिसॅबिलिटीचा क्लेम टाकलाय. मला मात्र अजून राग आहे. त्याला इलेक्ट्रिशियनचं शिक्षण घ्यायचंय, जीआय बिल असतं तर फी आणि राहण्याचा खर्च निघाला असता, पण त्याला पूर्ण ऑनरेबलच लागतो. बोर्डाने मान्य केलं की आजार होता, सर्व्हिसमध्येच होता, वागणं त्यामुळे झालं, आणि मग अर्ध्यावर आणून सोडलं. शांतपणे विचार केला तरी मला हे पटत नाही. सगळेच ओटीएच अन्यायाचे असतात असं मी म्हणत नाही, काही माणसांनी खरंच दुसऱ्यांना इजा केलेली असते. पण ज्याचा गुन्हा म्हणजे झोप यावी म्हणून ओढलेला गांजा, त्याला चाळिशीतही हप्ते पाडून न्याय द्यायचा, हे बरोबर नाही.

न्याय उशिरा देण्यात या देशाचा हात कोणी धरणार नाही. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियात पोर्ट शिकागोला दारूगोळा चढवताना स्फोट झाला, १७ जुलै १९४४, ३२० जण मेले, बहुतेक काळे खलाशी. उरलेल्यांनी काही बदल न करता परत तेच काम करायला नकार दिला, तर ५० जणांना बंडखोर ठरवून शिक्षा. नौदलाने त्यांना निर्दोष ठरवलं १७ जुलै २०२४ ला, बरोबर ८० वर्षांनी, तेव्हा त्या पन्नासातलं कोणी जिवंत नव्हतं. समलिंगी आहेत म्हणून डोन्ट आस्क डोन्ट टेलच्या काळात काढलेले १३ हजारांच्या वर, ते धोरण गेलं २०११ मध्ये. त्यातल्या आठशेहून जास्त जणांचे डिस्चार्ज, ज्यांनी अर्जही केला नव्हता, पेंटॅगॉनने स्वतःहून तपासून वर नेल्याचं जाहीर झालं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे सरकारला ठरवलं तर स्वतःहून फायली उघडता येतात! मग २००८ च्या त्या फॉर्मवर हो हो लिहिलेल्या पोरांच्या का उघडत नाहीत?

आता आपल्या लोकांसाठी थोडं. इथल्या मराठी घरांतली मुलं फौजेत जातात, कमी असतील पण जातात. २००९ ते २०१६ मध्ये मावनी नावाच्या योजनेत व्हिसावर असलेल्यांनाही भाषेच्या जोरावर घेत होते, हिंदी त्या यादीत होती, त्यातून आपलीही काही मुलं गेली आणि सिटिझन झाली. त्यांच्यासाठी हे जास्त गंभीर आहे, कारण फौजेच्या आधारावर मिळालेली सिटिझनशिप, पाच वर्षांची ऑनरेबल सर्व्हिस व्हायच्या आत ओटीएच किंवा त्याखालचा डिस्चार्ज झाला तर काढूनही घेता येते. म्हणून कोणाच्या पोरावर कारवाई सुरू झाली असेल तर लाज वाटून गप्प बसू नका, देवळात कोण काय म्हणेल ते नंतर बघू. आर्मीत असेल तर त्याला सांगा ट्रायल डिफेन्स सर्व्हिसचा वकील भेटल्याशिवाय कशावरही सही करू नकोस, मग समोर कॅप्टन असो नाहीतर कर्नल.

आणि ओटीएच हातात असलेला कोणी ओळखीचा असेल तर त्याला सांगा की व्हीए पूर्ण बंद नाहीये. व्हीए स्वतःची वेगळी चौकशी करून डिस्चार्ज ठरवतं, त्याचे नियम जून २०२४ पासून जरा सैल झालेत. लढाईवर गेलेल्या ओटीएचवाल्यांना मानसिक उपचार २०१८ च्या कायद्याने मिळतात. काउंटरवरचा माणूस नाही म्हणाला तरी लेखी अर्ज द्यायचा, लेखी नकार मागायचा. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर ९८८ लावून १ दाबायचं, तिथे डिस्चार्ज विचारत नाहीत.

आमचं सध्या डीडी १४९ चं चाललंय. रेकॉर्ड दुरुस्ती बोर्डाकडे दोन मागण्या आहेत, २४ नंबरला ऑनरेबल, आणि २८ नंबरच्या रकान्यातलं कारण बदला, कारण तिथे अजून मिसकंडक्ट, ड्रग अब्यूज असंच छापलेलं आहे आणि नोकरी देणारा प्रत्येक जण तोच कागद मागतो. बोर्डांचे जुने निकाल नावं झाकून इंटरनेटवर वाचायला ठेवलेले असतात, त्यातून इराकला जाऊन आलेल्या, गांजावरून काढलेल्या आणि पूर्ण ऑनरेबल मिळालेल्या लोकांचे निकाल वेगळे काढतेय, ते याच्या अर्जाला जोडायचे आहेत. व्हीएच्या डॉक्टरीण बाईंनी नवीन पत्र द्यायचं कबूल केलंय, ते आलं की पाकीट बंद.